तीनशे वारांचे गणित

शिकार म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. झाडावर बांधलेले मचाण, खाली दोरीला बांधलेले बकरे, किर्र रात्र आणि चापावर बोट ठेवून बसलेला शिकारी. त्या चित्रातले जनावर नेहमी हाकेच्या अंतरावर असते. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. ती रायफल पुष्कळ दूरवर मारा करू शकत असे, पण झाडीत वाघ दिसतो तोच मुळी चाळीस-पन्नास पावलांवर! आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि हे चित्र हळूहळू पुस्तकांत गेले. ते तिथेच बरे आहे असे माझे मत आहे.

मी सांगणार आहे ती हकीगत निराळ्या मुलखाची आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाच्या गावी मी गेली अठरा वर्षे राहतो. नोकरीसाठी आलो आणि येथलाच नागरिक झालो. मूळचा मी रत्नागिरी जिल्ह्यातला. बंदुकीशी आमच्या घराचा संबंध इतकाच, की तात्यांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या काकांकडे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक ठासणीची बंदूक होती. रानडुकरे भातात उतरली की तात्या बांधाआड तीस पावलांवर दबा धरून बसत आणि एकच बार काढीत. दुसरा बार ठासेपर्यंत डुकरे शेजारच्या गावात पोहोचलेली असत. अशा तात्यांना कुणी ‘कॅलिबर कोणते?’ असे विचारले असते, तर त्यांनी विचारणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

मला मात्र तोच प्रश्न जवळजवळ एक वर्ष पुरला.

त्याचे कारण प्रॉंगहॉर्न हे जनावर. आपल्या काळविटाची आठवण व्हावी असे ते दिसते, पण ते खरे हरीण नव्हे. त्याचे आज जिवंत असलेले सर्वांत जवळचे नातलग म्हणजे जिराफ आणि ओकापी. पळण्यात त्याच्या तोडीचे जनावर अमेरिका खंडात नाही आणि डोळे तर विलक्षण तीक्ष्ण! ते राहते उघड्या माळावर, जिथे गुडघाभर सेजच्या झुडपांपलीकडे आडोसा म्हणून नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंदाधुंद शिकारीने ह्यांची संख्या काही हजारांवर आली होती. पुढे शिकारीवर निर्बंध आले, १९३७ च्या कायद्याने रायफली आणि काडतुसे यांवरील अकरा टक्के कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला, आणि आज ही जनावरे पुन्हा लाखांत मोजली जातात. आता दर वर्षी किती मारायची हे सरकार ठरवते आणि परवान्यांची सोडत काढते. मारलेल्या जनावराचे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा आहे.

मला ह्या नादाला लावले आमच्या शेजारच्या म्हातारबुवांनी. वय ऐंशीच्या घरात, आयुष्य गुरे राखण्यात गेलेले. दर हिवाळ्यात ते आमच्याकडे मांसाचे एक पुडके आणून देत आणि आमची सौ. त्याचे खोबऱ्याच्या वाटणात असे काही कालवण करी की म्हातारबुवा पुढच्या पुडक्याबरोबर स्वतःही जेवायला येत. एकदा जेवता जेवता ते म्हणाले, “इतकं आवडीनं खातोस, तर एकदा स्वतः का आणत नाहीस?”

प्रश्न साधा होता. मी आईला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, “डुकराचं समजू शकते, ते भात खातं. त्या हरणानं तुझं काय खाल्लंय?” दुकानातल्या पाकिटातल्या कोंबडीने तरी माझे काय खाल्ले होते, असे माझ्या ओठांवर आले होते. पण आईने विषय बदलला आणि मीही बदलू दिला.

कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा परवाना घेण्यापूर्वी अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा द्यावी लागते. म्हातारबुवा त्या तारखेच्या आधी जन्मलेले, म्हणून त्यांना ती माफ. मी चांगल्या गुणांनी पास झालो आणि रायफल घ्यायला निघालो.

एका मोठ्या दुकानात गेलो. भिंतीवर शंभर-दीडशे रायफली ओळीने उभ्या. विक्रेता तरुण, दाढीवाला आणि उत्साही. “प्रॉंगहॉर्न? मग लांबचा पल्ला हवा,” असे म्हणून त्याने मॅग्नम जातीच्या काडतुसाची, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दारू ठासलेली, एक रायफल माझ्या हातात ठेवली. तिची नळी माझ्या छातीपर्यंत येत होती. “हिच्यानं आठशे वारांवर जनावर पडतं,” तो म्हणाला. वार म्हणजे तीन फूट, हे कापड घेणाऱ्या वाचकाला सांगायला नकोच. आठशे वार म्हणजे जवळजवळ पाऊण किलोमीटर. एवढ्या अंतरावरचे जनावर मला चष्म्यातून दिसले तरी असते की नाही कोण जाणे!

घरी येऊन मी वाचू लागलो. कॅलिबर म्हणजे ढोबळ मानाने नळीचा आतला व्यास, एवढेच मला ठाऊक होते. वाचता वाचता ध्यानात आले की येथे कॅलिबर ही घराण्यासारखी गोष्ट आहे. आपल्याकडे किराणा आणि ग्वाल्हेर यांवरून लोक हमरीतुमरीवर येतात, तसे येथे .२७० आणि .३०-०६ यांवरून येतात. .३०-०६ हे सैन्याने १९०६ साली स्वीकारलेले काडतूस. त्याच्यावरूनच बेतलेले .२७० विंचेस्टर १९२५ साली आले आणि जॅक ओ’कॉनर या शिकारी लेखकाने ‘आउटडोअर लाइफ’ मासिकातून त्याचे पोवाडे पुढे अनेक वर्षे गायिले. .३०८ आले १९५२ साली, सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम १९६२ साली आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ साली. मग २००७ साली ६.५ क्रीडमूर निघाले, तेही शिकारीसाठी नव्हे, तर निशाणबाजीच्या स्पर्धांसाठी. म्हातारबुवा .२७० घराण्याचे. ६.५ चे नाव काढले की ते नाक मुरडीत. पण स्वीडन-नॉर्वेची मंडळी नेमक्या त्याच जाडीच्या गोळीने शंभरावर वर्षे मूससारखे धूड पाडीत आली आहेत, असे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, “त्यांना घाई नसते.” ह्या उत्तराचा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी लागला.

कायद्याची अट फार जड नाही. गोळी .२४ कॅलिबरहून बारीक नको, ती लागताच उमलणारी हवी, प्रॉंगहॉर्नसाठी ७० ग्रेनहून हलकी नको आणि शंभर वारांवर तिच्यात निदान हजार फूट-पौंडांचा जोर हवा. वर सांगितलेली सगळी काडतुसे ह्या चाळणीतून सहज पार होतात. मग निवडायचे कशावरून?

मी पेशाने इंजिनियर. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची गोळी, म्हणजे पाऊण तोळ्याला किंचित वर, नळीतून सेकंदाला सुमारे सव्वीसशे फुटांच्या वेगाने निघते. रायफलीचा नेम दोनशे वारांवर बरोबर लावला, तर तीनशे वारांवर गोळी आठ-नऊ इंच खाली जाते, चारशेवर दोन फुटांहून अधिक आणि पाचशेवर चार फूट. आकडे ऐकून छाती दडपते, पण ह्या पडण्याचे मला भय वाटले नाही. गुरुत्वाकर्षण प्रामाणिक आहे. ते आज जेवढे ओढते तेवढेच उद्या ओढते. अंतर मोजायचे यंत्र खिशात असले आणि दुर्बिणीची चकती मोजून फिरवली, की त्याचा हिशेब चुकता होतो.

वारा मात्र बेइमान. ताशी दहा मैलांचा आडवा वारा हीच गोळी तीनशे वारांवर सुमारे सहा इंच आणि पाचशे वारांवर जवळजवळ दीड फूट बाजूला नेतो. आणि वारा दहा मैलांचा आहे हे सांगणार कोण? माझ्या गालाला लागतो तो वारा निराळा, मधल्या घळीतला निराळा, जनावरापाशी गवत हलवणारा निराळा. पाच मैलांची गफलत तर भल्याभल्यांची होते.

आता हे गणित पाहा. प्रॉंगहॉर्नच्या काळीज-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंच व्यासाची, म्हणजे एखाद्या लहान ताटलीएवढी. नेम मध्यावर धरला, तर चारी बाजूंना चार चार इंच मोकळे. वाऱ्याचा अंदाज पाच मैलांनी चुकला, तर तीनशे वारांवर गोळी तीन इंच सरकेल, ताटलीतच राहील. पाचशेवर ती आठ-साडेआठ इंच सरकेल, म्हणजे ताटलीबाहेर, पोटात. शिवाय पाचशे वार कापायला गोळीला सेकंदाचा दोन-तृतीयांश भाग लागतो. तेवढ्यात जनावराने सहज एक पाऊल पुढे टाकले तरी सगळे बिघडले. आणि विक्रेत्याच्या त्या दांडग्या मॅग्नमने ह्यात किती वाचते? पाचशे वारांवर फार तर दोन-तीन इंच. त्या दोन-तीन इंचांसाठी खांद्याला बसणारा धक्का दुप्पट!

पोटात गोळी लागणे म्हणजे काय, हे मला कागदावर शिकावे लागले नव्हते. आदल्या वर्षी मी म्हातारबुवांबरोबर नुसता पाहायला गेलो होतो. पलीकडच्या टेकडीवरून कुणा पाहुण्या शिकाऱ्याने फार लांबून बार टाकला. कळप उधळला आणि त्यातला एक नर पाठ कुबडी करून सगळ्यांच्या मागे पडला. तो मैल-दीड मैल गेला, बसला, उठला, पुन्हा गेला. शिकारी काही वेळ शोधून निघून गेला. म्हातारबुवा गेले नाहीत. आम्ही अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब हुडकीत फिरलो आणि पहाटे पुन्हा गेलो. सापडला तेव्हा कोल्ह्यांनी मागची बाजू खाल्ली होती. आणि नाकपुडीजवळची माती ओली होती. म्हातारबुवांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि परतीच्या वाटेवर चार तास ते एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हा आठशे वारांवर जनावर पडते की नाही हा प्रश्न माझ्यापुरता मिटला होता. माझ्या हातून ते कुठपर्यंत नक्की पडेल, एवढाच उरला होता. त्याचे उत्तर दुकानातल्या भिंतीवर टांगलेले नसते.

दुसऱ्या एका लहान दुकानात गेलो. तेथील म्हातारीने कॅलिबरचे नावही काढले नाही. तिने माझा हात कोपरातून वाकवायला लावला आणि पट्टीने मोजला. “तुझा हात आखूड आहे,” ती म्हणाली. दस्ता खांद्याला लावून बोट चापापर्यंत पोहोचायला जी लांबी लागते, ती येथल्या बहुतेक रायफलींत साडेतेरा-चौदा इंच असते. मी पाच फूट पाच इंच. लांब दस्त्याची रायफल धरली की माझी मान ताणली जाई आणि दुर्बिणीत चंद्रकोरीसारखी काळी सावली येई. तिने फिनलंडमध्ये बनलेली एक टिक्का काढली. दस्ता साडेबारा इंचांचा आणि एक पाचर बसवली की लांब होणारा. नळी वीस इंचांची. आखूड नळीत गोळीचा वेग सेकंदाला शंभरेक फुटांनी कमी होतो, हेही तिने आपणहून सांगितले. मी रायफल खांद्याला लावली, डोळे मिटले, उघडले. दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र! शंभर फूट वेग मी आनंदाने सोडून दिला.

काडतूस ६.५ क्रीडमूर घेतले. कारणे सांगतो, म्हणजे .२७० घराण्याच्या वाचकांना भांडायला बरे. ह्याची गोळी लांबट आणि निमुळती. वाऱ्याला अंगावर कमी घेते. अशी लांब गोळी हवेत स्थिर राहायला नळीतल्या आट्यांचा पीळ घट्ट लागतो. ह्या रायफलीत तो आठ इंचांत एक फेरा असतो, जुन्या.२७० मध्ये दहा इंचांत एक. धक्का सौम्य. शिवाय ही काडतुसे येथे गावोगाव मिळतात आणि मॅग्नमपेक्षा स्वस्त पडतात. काडतूस महाग पडले की माणूस सराव कमी करतो, हे उघडच आहे. शिवाय एक कारण लेखात शोभत नाही, पण खरे आहे: दुकानात ती एकच रायफल माझ्या मापाची होती आणि ती ६.५ ची होती.

पैसे भरले, फॉर्म भरला, चौकशी झाली. तरी रायफल लगेच हातात येत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ह्या राज्यात तीन दिवस थांबावे लागते. ते तीन दिवस सौ. मला लग्नातल्या मुलासारखे वागवीत होती.

मग सराव. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत बहुतेक शनिवारी मी मैदानावर गेलो. टेबलावर रायफल टेकवून नेम मारणे सोपे. ते पहिल्या दिवशीच जमले आणि त्याचा उपयोग तेवढाच. माळावर टेबल कोण मांडून ठेवतो? आठ इंचांची लोखंडी ताटली टांगली आणि म्हातारबुवांनी अट घातली: शंभर पावले पळत जायचे, पडायचे, आणि श्वास लागलेला असतानाच बार टाकायचा. पालथे पडून, पुढे पिशवीचा टेकू घेऊन मी तीनशे वारांपर्यंत दहापैकी दहा मारू लागलो. बसून, काठ्यांच्या आधाराने दोनशेपर्यंत. चारशे वारांवर पालथे पडूनही दहापैकी सात. मैदानावरची मंडळी म्हणाली, “सात म्हणजे छान!” मला त्या उरलेल्या तिनांचे काय करावे ते कळेना. लोखंडाला त्याचे काही नव्हते. ओली माती मी पाहिलेली होती.

मी दस्त्यावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर देवनागरीत ‘३००’ असे लिहिले. म्हातारबुवांनी हा कसला मंत्र म्हणून विचारले. सांगितल्यावर त्यांनी खिशातून पेन्सिल काढून त्याखाली एक जाड रेघ ओढली.

सोडतीत मादीचा परवाना लागला. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, क्रेग गावाच्या पश्चिमेला गेलो. पहाटे काचेवर हिम, नऊ वाजता अंगावर एक सदरा. दहाच्या सुमारास कळप दिसला. अकरा माद्या, एक नर. म्हातारबुवांनी यंत्र डोळ्याला लावले आणि आकडा उच्चारला, “चारशे साठ.” डावीकडून वारा होता, सेज वाकत होते आणि मधेच सरळ होत होते. एक मादी बाजूला, आडवी, स्वच्छ उभी होती. दुर्बिणीत तिच्या पापण्याही दिसतील इतकी. रायफलीचा पल्ला होता, काडतुसाचा होता. चकती किती फिरवायची तेही मला पाठ होते. म्हातारबुवा काही बोलले नाहीत. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

मी चाप सोडून रायफलीचा बोल्ट उघडला.

उजवीकडे एक कोरडी घळ होती. तिच्यातून वाकून, मग रांगत, मग पोटावर सरकत निघालो. निवडुंगाचे काटे कोपरांत आणि गुडघ्यांत शिरले. दोनदा कळप उठून पुढे गेला, दोनदा आम्ही तोंड मातीत घालून पडून राहिलो. तीन तास झाले. घळीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा वारा समोरून येत होता आणि कळप दोनशे पंधरा वारांवर चरत होता. पिशवी पुढे ठेवली, श्वास टाकला, चाप ओढला. मादी तीसेक पावले धावली आणि पडली. बाकीच्या थोड्या पळाल्या, थांबल्या, मागे वळून पाहू लागल्या.

तिच्याजवळ गेलो तेव्हा काय वाटले ते नीट सांगता येत नाही. आनंद झाला नाही असे म्हटले तर खोटे, आणि नुसता आनंद झाला असे म्हटले तर त्याहून खोटे. पुढे तीन तास कामच इतके होते की विचाराला सवड नव्हती. ऊन तापत होते, कातडे लगेच काढून मांस निववायचे होते, आणि मग ते खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत दोन मैल चालायचे होते. म्हातारबुवांनी आपला हिस्सा उचलला आणि माझ्या रायफलीकडे बोट दाखवून म्हणाले, “हलकी आहे म्हणून बरं.” .२७० घराण्याकडून एवढी दाद पुष्कळ झाली.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात आईचा फोन आला. सौ.ने तिला कालवणाची हकीगत आधीच सांगून टाकली होती. आईने विचारले, “कितीशी लांब होती रे ती?” मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “तात्या तीस पावलांवर बसत.” मग वाटणात तिरफळे घातली होती का, ते विचारले. येथे तिरफळे कुठली मिळायला! पुढच्या महिन्यात येणाऱ्या कुणाबरोबर तरी ती पाठवणार आहे.

आणि एक सांगायचे राहिले. उन्हाळ्यात सौ. माझ्याबरोबर दोन-तीनदा मैदानावर आली होती, ‘नुसतं बघायला’. पाचर काढल्यावर रायफल तिच्या खांद्याला माझ्यापेक्षाही चांगली बसते. धक्का सौम्य, त्यामुळे ती चाप ओढताना डोळे मिटत नाही. तीनशे वारांवर तिची ताटली दहापैकी दहा वाजली, तेव्हा म्हातारबुवांनी तिला आपले अंतर मोजायचे यंत्र बक्षीस दिले. आता ती परीक्षेला बसली आहे आणि एप्रिलच्या सोडतीचा अर्ज तिने दोघांच्या नावाने भरायचे ठरवले आहे. रायफल एकच, पाचर एकच. कालच तिने विचारले, “अहो, परवाना मला एकटीलाच लागला, तर पिशवी तुम्ही उचलाल ना?”